फिरत्या पाटीवरचा कोनाडा: रोबो-हात आणि प्रोजेक्टर जुळवायचे कसे

एक फूट लांबी-रुंदीचा पांढरा पुठ्ठा रोबो-हाताच्या टोकाला लावलेला आहे. पुठ्ठा सपाटच आहे, पण समोर सतरंजीवर बसलेल्या माणसाला त्यात चिऱ्याचा कोनाडा दिसतो, चांगला अर्धा फूट खोल, आत तेवणारी पणती. रोबो-हाताने ही पाटी डावीकडे वळवली की कोनाड्याची डावी भिंत उघडी पडते, उजवी लपते आणि पणती कडेला सरकते. उठून जवळ गेलात तर दिसतो फक्त पुठ्ठा आणि त्यावर प्रोजेक्टरमधून पडलेलं वेडंवाकडं चित्र.

हा खेळ ओटीवर किंवा माजघरात, गणपतीच्या मखराशेजारी एका टेबलावर मावतो. २०१३ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बॉट अँड डॉली या स्टुडिओने कारखान्यातल्या थोराड रोबो-हातांना मोठ्या पाट्या धरायला लावून हा प्रकार गाजवला. तसले औद्योगिक हात एका जागी पुन्हा पुन्हा येताना मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत चुकतात. आपला हात प्लास्टिकचा, तो दोन-तीन मिलिमीटर चुकणार. चित्र कितीही देखणं केलं तरी ही चूक झाकली जात नाही. म्हणून वेळेची वाटणी आधीच ठरवा: चित्राला एक दिवस, मोजणी आणि वेळ जुळवणीला तीन.

फसवायचं कुणाला

भ्रम एकाच डोळ्यासाठी बांधलेला असतो. त्या डोळ्याची जागा आधी ठरते, बाकी सगळं तिच्यावरून. सतरंजीवर मांडी घालून बसलेल्या मोठ्या माणसाचा डोळा जमिनीपासून साधारण ७५ सेंमीवर येतो. पाटीपासून ३ मीटर मागे, मधोमध, ७५ सेंमी उंचीवर एक खूण धरा. तो आपला प्रेक्षक.

शेजारी बसलेल्याचं काय? कोनाडा १५ सेंमी खोल आणि प्रेक्षक ३ मीटरवर असेल, तर अर्धा मीटर बाजूला बसलेल्या माणसासाठी कोनाड्याची मागची भिंत असायला हवी त्यापासून सुमारे २.४ सेंमी सरकलेली दिसते. तेवढं डोळा चालवून घेतो. दीड मीटर बाजूला हीच चूक ७ सेंमी होते आणि कोनाडा तिरका पडल्यासारखा वाटतो. तिन्ही बाजूंनी माणसं बसणार असतील तर खोली ५ सेंमीवर आणा, नाहीतर हा नाद सोडा. आणखी एक गोष्ट: माणसाला डोळे दोन, मोबाइलच्या कॅमेऱ्याला एक. त्यामुळे व्हिडिओत भ्रम नेहमी जास्त पक्का दिसतो. फक्त मोबाइलमध्ये पाहून खूश होऊ नका, खुणेवर बसून उघड्या डोळ्यांनी बघा.

सामान

हातासाठी छंदी लोकांत सध्या चालतो तो एसओ-१०१ हा खुला आराखडा. त्याचे भाग थ्रीडी प्रिंटरवर निघतात. त्यात मूळ दोन हात असतात, एक माणसाने धरून हलवायचा आणि दुसरा त्याची नक्कल करणारा. आपल्याला नक्कल करणाराच पुरे. त्याला सहा मोटरी लागतात: फीटेक एसटीएस३२१५. ही मोटर एका फेरीचे ४०९६ भाग करून आपली जागा सांगते, म्हणजे ०.०८८ अंशापर्यंत. ३० सेंमी लांब हाताच्या टोकाला हा भाग अर्ध्या मिलिमीटरहून कमी भरतो.

एमजी९९६आर ही स्वस्त सर्व्हो मोटर मोह घालते. घेऊ नका. साडेचार-पाच दशांश अंशांपेक्षा बारीक हलवलेलं ती मनावर घेत नाही, आणि टोकाला ते दोन-अडीच मिलिमीटर होतात. पाटी सरकत नाही, पायऱ्या उतरल्यासारखी उतरते. शिवाय ती आपली जागा परत सांगत नाही, आणि पुढे आपल्याला तेच हवं आहे.

एसटीएस३२१५ दोन दाबांत मिळते, ७.४ व्होल्ट आणि १२ व्होल्ट. दिसायला दोन्ही सारख्या. १२ व्होल्टची घ्या, कारण १२ व्होल्ट १० अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेवरून १२ व्होल्ट देणारा डबा) सीसीटीव्ही बसवणाऱ्यांकडे कुडाळ-रत्नागिरीतही मिळतो. चुकून ७.४ ची आली आणि तिला १२ दिले तर ती जळते, तेव्हा खोक्यावरचा आकडा वाचल्याशिवाय तार जोडू नका. मोटरी, त्यांचा यूएसबी बोर्ड आणि तारा बहुधा मुंबईहून किंवा ऑनलाइनच येतील. गणपतीला येणाऱ्या चाकरमान्याबरोबर लॅमिंग्टन रोडवरून मागवायचं मनात असेल तर फार उशीर होतो. सामान नागपंचमीच्या आधी घरात हवं.

प्लास्टिक पीएलए नको, पीईटीजी घ्या. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात उभ्या गाडीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर सांधा कायमचा वाकतो.

प्रोजेक्टर १२८० बाय ८०० पिक्सेलचा, खऱ्या ३००० ल्युमेनचा, फेक-गुणोत्तर १.२ च्या आसपास. पडद्यापर्यंतचं अंतर भागिले चित्राची रुंदी म्हणजे हे गुणोत्तर. दीड मीटरवरून चित्र १.२५ मीटर रुंद पडतं आणि एक पिक्सेल जवळजवळ एक मिलिमीटरचा होतो. हा हिशेब फार सोयीचा आहे, पुढे चूक पिक्सेलमध्ये मोजली काय की मिलिमीटरमध्ये, एकच. मात्र ३० सेंमीच्या पाटीवर जेमतेम ३०० बाय ३०० पिक्सेल मिळतात, म्हणून बारीक नक्षी आणि अक्षरं विसरा. खरेदीआधी प्रोजेक्टर दीड मीटरवर फोकस होतो का ते पाहा, काहींचा होत नाही.

पाटीसाठी थर्माकोल डोक्यातून काढा. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि समई-निरांजनाच्या शेजारी तो असूही नये. फ्लेक्सवाल्याकडचा ३ मिमी सनबोर्ड चालतो, पण ३० बाय ३० चा तुकडा दीडशे ग्रॅमच्या घरात जातो. सगळ्यात बरा नालीदार पुठ्ठा. मागे बांबूच्या दोन कामट्या फुलीसारख्या चिकटवल्या, आकाशकंदिलाला लावतो तशा, की सगळं मिळून ७० ग्रॅम. समोरून पांढरा मॅट रंग. तोच रंग मागूनही, तेवढेच हात. पावसाळ्यातल्या दमट हवेत एकाच बाजूने रंगवलेला पुठ्ठा दुसऱ्या दिवशी पापडासारखा वळतो. चकचकीत रंग नको, प्रोजेक्टरचा दिवा त्यात ठिपक्यासारखा दिसतो.

वजनाचा हिशेब एकदा करून ठेवा. पाटी ७० ग्रॅम, खांद्यापासून ३० सेंमीवर: २.१ किलो-सेंमी. खांद्यापुढचा हात, चार मोटरी धरून, सुमारे ३५० ग्रॅम आणि त्याचा भार मधोमध १५ सेंमीवर धरला: ५.२५ किलो-सेंमी. एकूण साडेसातच्या आत. १२ व्होल्टची मोटर अडकेपर्यंत ३० किलो-सेंमी जोर लावते, म्हणजे आपण तिचा चौथा हिस्सा वापरतो. तिसऱ्या हिश्शापलीकडे गेलात तर मोटर तापते आणि संध्याकाळभर टिकत नाही.

याशिवाय लॅपटॉप, ६०० व्हीएचा यूपीएस, काळं कापड (मखमल मिळाली तर उत्तम, मांजरपाट रंगवलेलाही चालेल), व्हर्नियर (बारीक मापाची सरकपट्टी), ओळंबा आणि स्लो-मोशन चित्रण करणारा मोबाइल.

जागा

प्रोजेक्टर टेबलावर ठेवू नका. गौरीच्या रात्री फुगड्या सुरू झाल्या की लाकडी माडी तर हलतेच, खालचं टेबलही हलतं. दीड मीटरवरून प्रोजेक्टर ०.१ अंश जरी फिरला तरी चित्र २.६ मिमी सरकतं. तो तुळईला किंवा भिंतीत ठोकलेल्या लोखंडी ब्रॅकेटला उलटा टांगा, २.१ मीटर उंचीवर, खाली तोंड करून. कौलारू घरात वाशाला टांगायचा मोह होतो, पण वासा वाऱ्यापावसात हलतो. तुळई बरी. वर कौल गळतंय का तेही एका सरीत बघून घ्या.

खाली झुकवल्यामुळे चित्र आयताऐवजी वर अरुंद, खाली रुंद दिसेल. दिसू दे. प्रोजेक्टरमधलं कीस्टोन दुरुस्त करणारं बटण शून्यावर, आपोआप होणारं असेल तर बंद. झूम एका टोकाला नेऊन त्यावर चिकटपट्टी. चित्र सुधारणाऱ्या सगळ्या सोयी बंद, आणि गेम मोड असेल तर चालू, कारण त्याने चित्र उशिरा येण्याचं प्रमाण कमी होतं.

हात जाड फळीवर चार बोल्टने आवळा, फळी टेबलाला दोन शिकंज्यांनी. हात पाटीच्या मागे राहील अशी रचना हवी, नाहीतर त्याची सावली चित्रावर पडते. मागे काळं कापड आणि हातालाही काळी बाही. प्रोजेक्टरचा काळा रंग खरं तर करडा उजेड असतो, तो मागच्या पांढऱ्या भिंतीवर पडला की अख्खा चौकोन दिसतो आणि गुपित तिथेच फुटतं. पंखा बंद. पाटी शिडासारखी वारा धरते.

खोलीत समई असू द्या, पण पाटीवर थेट उजेड नको. समई डावीकडे असेल तर चित्रातला चौकटीवरचा उजेडही डावीकडूनच येऊ द्या. ही जुळणी झाली की चूक दोन मिलिमीटरची असली तरी कुणी बघत नाही.

हात बांधणं

नव्या मोटरी सगळ्या क्रमांक १ घेऊन येतात. एकेक जोडून त्यांना १ ते ६ क्रमांक द्या आणि मोटरीवर पेनाने लिहा. सहाही एकदम जोडल्या तर सगळ्या एकाच हाकेला ओ देतात आणि काहीच कळत नाही. प्रत्येक सांधा बसवण्याआधी मोटर २०४८ या मधल्या आकड्यावर आणून मग शिंग (मोटरीच्या दांड्यावर बसणारी दातेरी चकती) बसवा. शिंग एक दात जरी चुकलं तरी पुढचं सारं गणित तेवढ्याने वाकडं जातं.

मग सांध्याच्या आसापासून पुढच्या आसापर्यंतची लांबी व्हर्नियरने मोजा. आराखड्यातला आकडा उतरवून घेऊ नका. छापताना प्लास्टिक आकसतं आणि स्क्रू आवळताना फट राहते.

सांध्यांचा ढिलेपणा तपासायला पाटीच्या जागी टोकदार पेन्सिल लावा, समोर आलेख-कागद. एकाच बिंदूवर दहा वेळा आणा, पाच वेळा डावीकडून, पाच वेळा उजवीकडून. ठिपक्यांचे दोन वेगळे पुंजके दिसले तर त्यांतलं अंतर म्हणजे दातांमधला खेळ. अर्धा अंश खेळ ३० सेंमीवर २.६ मिमी होतो. खांदा-कोपरात तो आपोआप दबतो, कारण वजन दातांना एकाच बाजूला टेकवून ठेवतं. तळाच्या फिरत्या सांध्यात वजनाची मदत नाही. तिथे एक हलकं रबर किंवा स्प्रिंग सतत एका बाजूला ओढत ठेवलं की पुंजके एकत्र येतात. फार ताणू नका, चालू असताना मोटरीने गुणगुणावं, कण्हू नये.

या हाताला पकड सोडून पाचच सांधे आहेत, त्यामुळे पाटी हव्या त्या जागी हव्या त्या कोनात नेहमी धरता येत नाही. पहिल्या खेळात तीनच सांधे हलवा: तळ, खांदा आणि मनगट. बाकीचे एका जागी ठाम.

मोजणी: हातालाच मापपट्टी करा

इथे घाई केली की पुढचं सगळं फुकट जातं. प्रोजेक्टर म्हणजे उलटा कॅमेरा. कॅमेऱ्यात बाहेरचा बिंदू पिक्सेलवर येऊन पडतो, प्रोजेक्टरमध्ये पिक्सेल बाहेरच्या बिंदूवर जाऊन पडतो, गणित एकच. आपल्याला शोधायचं आहे ते असं: हाताच्या बुंध्याला शून्य धरलं तर प्रोजेक्टर कुठे आहे, कुठे बघतोय आणि त्याची भिंग-लांबी (फोकल लेंग्थ) किती. हे टेपने मोजायला जाऊ नका, भिंगाचा नेमका मध्य डब्याच्या आत असतो. हातच मापपट्टी होतो.

प्रोजेक्टर आधी अर्धा तास चालू ठेवा. तापताना भिंग किंचित सरकतं आणि थंड्या प्रोजेक्टरवर केलेली मोजणी आरतीपर्यंत चुकीची ठरते. पाटीवर पेन्सिलने पाच बारीक फुल्या करा, एक मध्यावर, चार कोपऱ्यांपासून २ सेंमी आत. हात एका स्थितीत न्या. मोटरींचे आकडे वाचा, त्यावरून पाचही फुल्यांची जागा मिलिमीटरमध्ये काढा. आता पडद्यावर एक पिक्सेल जाडीची फुली दाखवणारा छोटा पायथन प्रोग्राम चालवा आणि बाणांच्या कळांनी ती उजेडाची फुली पेन्सिलच्या फुलीवर नेऊन बसवा. पिक्सेलचे दोन आकडे लिहून घ्या. पाच फुल्या, सहा स्थिती, तीस नोंदी. अर्धा-पाऊण तासाचं काम.

स्थिती निवडताना पाटी पुढे-मागेही गेली पाहिजे आणि तिरकीही झाली पाहिजे. सगळे बिंदू एकाच सपाटीत असतील तर प्रोजेक्टर जवळ आहे आणि त्याची झेप रुंद, की लांब आहे आणि झेप अरुंद, हे गणिताला वेगळं करता येत नाही. ते काहीतरी उत्तर देतं आणि आपण त्यावर विश्वास ठेवतो.

तीस नोंदी ओपनसीव्ही या फुकट प्रोग्राम-संचातल्या कॅमेरा-कॅलिब्रेशनला द्या. बिंदू एका सपाटीत नसल्यामुळे ते सुरुवातीचा अंदाज मागतं. भिंग-लांबीचा अंदाज: १.२ गुणिले १२८०, म्हणजे १५३६ पिक्सेल. आडवा मध्य ६४०. उभा मध्य ४०० देऊ नका, बहुतेकांची गाडी इथेच अडते. प्रोजेक्टर सरळ समोर फेकत नाही, टेबलावर ठेवला तर वर आणि उलटा टांगला तर खाली फेकतो. म्हणून टांगलेल्या प्रोजेक्टरच्या भिंगाचा आस चित्राच्या मधून न जाता वरच्या कडेजवळून जातो. उलट्या टांगलेल्यासाठी उभा मध्य शून्याच्या आसपास द्या. भिंगाच्या वाकडेपणाचे आकडे शून्यावर बांधून ठेवा, तीस बिंदूंत ते नीट निघत नाहीत.

उत्तराबरोबर सरासरी चूक येते. दोन पिक्सेलच्या आत असली की छान. पाचच्या वर असेल तर नोंदीगणिक चूक छापून बघा. एक-दोन नोंदीच भयंकर असतील तर आकडा लिहिताना गफलत झाली आहे, त्या काढा. सगळ्याच सारख्या वाईट असतील तर एखाद्या सांध्याची दिशा उलटी धरली आहे किंवा लांबी चुकली आहे. नोंदी गाळत बसून चूक कमी करणं म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडणं.

शेवटी मोजणीत न वापरलेल्या एखाद्या स्थितीत हात न्या आणि पाटीची नुसती कडा उजेडाच्या रेषेने आखा. चारही कडांना रेषा चिकटून बसली की पुढे चला.

चाल

खेळ ४० सेकंदांचा ठेवा, सुरुवात आणि शेवट एकाच स्थितीत, म्हणजे फिरवून फिरवून लावता येतो. वेग सेकंदाला २० अंशांच्या वर नको. ३० सेंमी हाताच्या टोकाला तो १०० मिमी प्रतिसेकंद होतो, नवख्यासाठी हीच कमाल. प्रत्येक हालचाल हळू सुरू, मध्ये वेग, हळू शेवट. झटक्याने थांबवली की पाटी थरथरते आणि कोनाड्यातली पणती नको तेव्हा नाचते. पाटी प्रोजेक्टरकडून ६० अंशांहून जास्त वळवू नका, ६० अंशांना उजेड निम्मा होतो आणि पिक्सेल ताणले जातात.

आता या सगळ्यातली सर्वांत कामाची युक्ती. चाल ठरली की पाटी लावलेल्या हाताला ती दहा वेळा करायला लावा आणि मोटरी सेकंदाला ५० वेळा स्वतःची जागा काय सांगतात ते साठवा. दहांची सरासरी काढा. चित्र बनवायचं ते या नोंदीवरून, दिलेल्या हुकमावरून नाही. हात हुकमाच्या थोडा मागे राहतो, वजनाने थोडा झुकतो, वळणावर थोडा रेंगाळतो. हे सगळं नोंदीत आपसूक उतरतं. पिंगुळीचा कळसूत्री बाहुल्या नाचवणारा दोरी किती ओढली याकडे बघत नाही, बाहुली कुठे पोचली तिकडे बघतो, तसंच हे. नोंदीत फक्त प्लास्टिकची लवचीकता येत नाही. तिच्यावर उपाय हळू चाल हाच.

चित्र

थ्रीडी चित्रं बनवणारं ब्लेंडर फुकट आहे आणि पुरेसं आहे. काम दोन टप्प्यांत होतं.

पहिल्या टप्प्यात पाटीच्या जागी खरोखरचा कोनाडा बांधा, १५ सेंमी खोल, चिऱ्याच्या पोताचा, आत पणती. त्याला साठवलेली चाल द्या. कॅमेरा ठेवा प्रेक्षकाच्या डोळ्याच्या जागी, ३ मीटर मागे, ७५ सेंमी उंचीवर. शून्य हाताच्या बुंध्यापाशी आहे हे विसरू नका, टेबलाची उंची वजा करायची राहून जाते. ही चित्रमालिका काढून ठेवा.

दुसऱ्या टप्प्यात कोनाडा काढून साधी सपाट पाटी ठेवा, तीच चाल. डोळ्याच्या कॅमेऱ्यातून पहिली चित्रमालिका तिच्यावर फेका, त्यासाठी यूव्ही प्रोजेक्ट हा मॉडिफायर आहे. पाटीचे आधी २० बाय २० तुकडे करा. एकच अखंड चौकोन ठेवला तर वळताना चित्र कर्णावर मोडल्यासारखं दिसतं. पाटी स्वतः उजळणाऱ्या पदार्थाची करा, म्हणजे दुसरा उजेड लागत नाही. आणि आता कॅमेरा ठेवा प्रोजेक्टरच्या जागी, मोजणीतून आलेल्या आकड्यांवर. ब्लेंडरच्या ३६ मिमी सेन्सरला १.२ ने गुणलं की भिंग-लांबी ४३.२ मिमी येते, तुमच्या मोजणीचा आकडा याच्या आसपास असेल. उभा मध्य शून्य आला असेल तर उभा शिफ्ट उणे ०.३१२५ द्या, कारण ४०० भागिले १२८० तेवढं होतं. अधिक-उणे चिन्ह उलटं दिलं की चित्र अख्खं पाटीवरून उडून चौकटीबाहेर जातं, घाबरू नका, चिन्ह बदला.

रंगाच्या सेटिंगमध्ये व्ह्यू ट्रान्सफॉर्म एजीएक्सवरून स्टँडर्डवर आणा, नाहीतर पांढरा मळकट येतो. पाटीबाहेर निखळ काळं. चित्र पाटीच्या कडेपासून ३ मिमी आत थांबवा आणि त्या कडेलाच कोनाड्याची चौकट समजा. हाताची चूक या तीन मिलिमीटरांत मुरते.

वेळ जुळवणं

सेकंदाला ३० चित्रं, ४० सेकंद, एकूण १२०० चित्रं. एकच प्रोग्राम ती दाखवेल आणि मोटरींना जागा सांगेल असं ठेवा. व्हिडिओ एका खिडकीत आणि हात दुसऱ्या प्रोग्रामवर चालवला तर पाचव्या-सहाव्या फेरीला दोघांची फारकत होते. मोटरींना मात्र सेकंदाला १०० वेळा, चित्राच्याच घड्याळावरून मधल्या जागा काढून हुकूम द्या. ३० वेळाच दिला तर चाल दातेरी होते.

आता चित्र आणि हात यांतला उशीर मोजा. पाटीच्या उभ्या कडेला उजेडाची रेषा चिकटवून मधल्या वेगाने फिरवा आणि सेकंदाला २४० चौकटींच्या स्लो-मोशनमध्ये चित्रण करा. कडा एका खुणेवरून गेल्यावर किती चौकटींनी रेषा जाते ते मोजा. एक चौकट ४.२ मिलिसेकंदांची. रेषा १२ चौकटी मागे असेल तर ५० मिलिसेकंद उशीर, १०० मिमी वेगाला ५ मिमी. मग हाताचा हुकूम ५० मिलिसेकंद उशिरा सोडा. रेषा पुढे पळत असेल तर चित्र थोपवा. हा आकडा लॅपटॉप किंवा केबल बदलली की बदलतो.

दोष ओळखायची सोपी रीत: हात थांबला असतानाही चित्र सरकलेलं असेल तर मोजणी चुकली. थांबल्यावर जुळतं आणि चालताना सुटतं, तर वेळ चुकली. डावीकडे जाताना एका बाजूला आणि उजवीकडे जाताना दुसऱ्या बाजूला सुटतं, तेव्हा आधी वेळ आणि मग तळाच्या सांध्याचा खेळ तपासा. सकाळी जुळलेलं संध्याकाळी सगळं एकाच दिशेला सरकलं, तर कुणाचा तरी प्रोजेक्टरला धक्का लागला.

वीज, दमट हवा, पोरं

वीज गेली की मोटरींचा जोर जातो आणि हात पाटीसकट आपटतो. पाटीखाली, पोचेल त्या टप्प्यावर, जुन्या चादरीची गुंडाळी ठेवा. हात आणि लॅपटॉप यूपीएसवर. प्रोजेक्टरही त्यावर घेतला तर काही मिनिटं मिळतात, तेवढ्यात हात विसाव्याच्या स्थितीत नेणारी एक कळ प्रोग्रामला असू द्या. १२ व्होल्टच्या वाटेवर लाल खटका लावा, सहज हात पोचेल असा. मोटरींच्या जोराची मर्यादा निम्म्यावर बांधा. हा हात हाड मोडणार नाही, पण सांध्यात बोट चिमटतो. टेबलापुढे रांगोळीची रेघ नको, पोरं ती ओलांडतात. दोन पाट आडवे टाका. समई पाटीच्या पोचेपासून हातभर लांब.

फेरीनंतर दोन मिनिटं विसावा. मोटर आपलं तापमान स्वतः सांगते, ५५ अंशांच्या वर गेली की त्या संध्याकाळपुरता खेळ थांबवा.

पावसाची उघडीप पडली की वाळवीचे पंखवाले किडे उजेडाकडे झेपावतात आणि प्रोजेक्टरच्या झोतात प्रत्येक किडा पाटीवर ढगाएवढी सावली टाकतो. पडवीचा दिवा लावून ठेवा, ते तिकडे जातात. एसीच्या खोलीतून आणलेल्या प्रोजेक्टरच्या भिंगावर दव धरतं, पुसू नका, अर्धा तास तसाच राहू द्या.

विसर्जनानंतर समुद्राकाठच्या घरात हे सामान उघडं ठेवलं तर पुढच्या वर्षी तारांच्या टोकांवर हिरवा गंज चढलेला असतो. जोडणीची टोकं कोरड्या ब्रशने झाडा, मोटरी आणि बोर्ड झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह भरा, पुठ्ठा टाकून द्या. ब्रॅकेट भिंतीत तसंच राहू द्या आणि सांध्यांच्या लांबीचा कागद डब्याच्या झाकणाला आतून चिकटवा.